रक्त थांबलं का?

आमच्या जुन्या टीममधली चार माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसली, की वाढप्यानं समजून जावं, ही ओळ काही लवकर उठणार नाही. बट्टीवरचं तूप थिजतं, वरण गार होतं आणि आमचं "तो पुडीवाला आठवतो का?" सुरू होतं. समोर बसलेला बिचारा घास हातात धरून ऐकत राहतो. कारण आमचे किस्से सगळे रक्ताचे!

हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. शर्टाच्या खिशात एसटीची तिकिटं साठत जातात आणि धुवायला टाकताना कळतं केवढा लगदा झालाय, तसं आहे ते. मी आता कामातून मोकळी झालेय, खिसे उलटे करायला वेळ आहे. ऐका.

मी भूलतज्ज्ञ. माहेर धुळ्याचं, सगळी नोकरी जळगावात. नव्वदीच्या अखेरीला जळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात बायपास सुरू झाली. तोवर खान्देशातल्या माणसाचं हृदय बिघडलं की तो मुंबईला जायचा, नाहीतर देवघरासमोर बसायचा. दामले सर मुंबईहून रेल्वेनं यायचे, ऑपरेशनं करायचे, एक-दोन दिवस थांबून परत जायचे. आयसीयू लीला सिस्टरच्या हातात. आणि रक्तपेढी सांभाळायला पाटीलभाऊ, ज्यांना माणसाचं नाव आठवायचं नाही पण ब्लड ग्रुप आठवायचा. रस्त्यात भेटले की "काय बी पॉझिटिव्ह, कसं काय?" असं विचारायचे.

बायपासनंतर आम्हाला भीती एकाच गोष्टीची. ऑपरेशन चालू असताना रक्त मशीनमधून फिरवतात, ते गोठू नये म्हणून औषध देतात. नंतर उतारा देतात, पण रक्त लगेच पूर्वीसारखं वागत नाही. शिवलेल्या जागांतून झिरपत राहतं. म्हणून छातीतून दोन नळ्या काढून खाली बाटलीत सोडलेल्या असतात. थोडं रक्त येणारच. वाढत गेलं, तर पेशंट परत टेबलावर. म्हणजे टाके तोडून तीच छाती पुन्हा उघडायची. त्या बाटलीकडे बघत आम्ही आमची उमेदीची वर्षं घालवली.

*

लीला सिस्टर दर तासाला बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायची, रक्त जिथवर आलंय तिथे. दोन पट्ट्यांत अंतर जास्त म्हणजे काळजी. पट्ट्या जवळ जवळ येऊ लागल्या म्हणजे रक्त कमी होतंय.

फैजपूरचे एक केळीवाले शेतकरी ऑपरेशनला आले होते. त्यांचे धाकटे भाऊ भास्करराव आयसीयूच्या काचेला नाक लावून उभे. त्यांना कुणी काही समजावलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी बघून बघून ओळखलं. बाहेर व्हरांड्यात त्यांची वीसेक माणसं सतरंजी टाकून बसलेली. भास्करराव आत बघायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे, "जवळ आली." लगेच सगळी सतरंजी सैल व्हायची. कुणीतरी तंबाखू मळायला घ्यायचं.

भाऊ वॉर्डात गेले तरी भास्करराव काचेपासून हलेनात. का, तर दुसऱ्या दिवशीच्या पेशंटच्या बायकोला यातलं काही कळत नव्हतं! तिला पट्ट्या वाचायला शिकवल्या, मग तिसऱ्याच्या मुलाला शिकवल्या. आम्ही डॉक्टर बाहेर जाऊन जे इंग्रजी-मराठी मिसळून सांगायचो, त्यापेक्षा लोकांना भास्कररावांचं बुलेटिन पटायचं.

घरी जाताना ते लीला सिस्टरकडे आले. केळीची फणी ठेवली आणि हळूच म्हणाले, "ताई, एक सांगू? पट्टी सरळ लावत जा. वाकडी लागली की बाहेर माणसाचा जीव जातो."

*

आता तो पुडीवाला. धुळ्याचे रिटायर्ड हेडमास्तर. शिस्तीचे एवढे, की ॲडमिट होताना स्वतःची उशी आणि अभ्रा घेऊन आले होते. ऑपरेशनच्या आधी ॲस्पिरिन बंद करायची असते, कारण त्यानं रक्त पातळ राहतं. ते आम्ही त्यांना बजावलं होतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या. मास्तरीणबाईंनी त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

ऑपरेशन झकास झालं आणि रक्त काही थांबेना. जिथे सुई टोचली तिथूनही ओघळ. सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. सर म्हणाले, "ॲस्पिरिन घेतलीय यांनी." मी बाहेर जाऊन मास्तरीणबाईंना विचारलं. त्या शपथेवर तयार. मी म्हटलं, बाई, डोकंबिकं दुखलं तर काय देत होता?

"मग पुडी द्यायचे ना! रोजच दुखायचं, ऑपरेशनच्या धास्तीनं. चहाबरोबर एक पुडी. दुकानातली हो, गोळी नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी लटकणारी ती डोकेदुखीची पुडी म्हणजे कुटून ठेवलेली ॲस्पिरिनच. रोज सकाळी, चहाबरोबर!

त्या काळी रक्ताचे वेगवेगळे घटक आमच्याकडे मिळत नसत. ताजं रक्त द्यायचं, एवढाच उपाय. धुळ्याला फोन गेला आणि मास्तरांचे जुने विद्यार्थी मिळेल त्या बसनं आले. ज्यांनी त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या ते सगळ्यात पुढे. मास्तर वाचले.

ते शुद्धीवर आल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. एवढं बजावून सांगितलं होतं, जीवावर बेतलं असतं, वगैरे.

"बाई," ते म्हणाले, "चूक प्रश्नपत्रिकेची आहे. तुम्ही गोळी विचारलीत. पुडी विचारलीच नाहीत."

तेव्हापासून मी पेशंटला विचारायचे, गोळी, पुडी, चूर्ण, काढा, आणि शेजारणीनं प्रेमानं दिलेलं काही?

*

दामले सर एकदा दुपारच्या गाडीनं मुंबईला निघाले. आदल्या दिवशीचा पेशंट ठीक होता, बाटली शांत होती. सर स्टेशनवर पोचले असतील-नसतील, लीला सिस्टरनं मला हाक मारली. तिची हाक मी ओळखायचे. नुसतं "मॅडम" म्हणाली तर चहा, "मॅडम, या" म्हणाली तर पळायचं. नळीतून लाल धार लागली होती.

मोबाइल कुठले तेव्हा! पाटीलभाऊंनी स्टेशनात फोन लावला, स्टेशनमास्तरांच्या हातापाया पडले आणि गाडी फलाटाला लागलेली असताना लाउडस्पीकरवर ओरडा झाला, की मुंबईचे हृदयाचे डॉक्टर दामले यांनी ताबडतोब उतरावं, पेशंटचं रक्त जातंय. असं सरळ, काही आडपडदा न ठेवता. सर खिडकीपाशी पेपर वाचत होते. उठले आणि उतरले. त्यांच्याबरोबर डब्यातली निम्मी माणसं उतरली, वाट करून द्यायला. बाहेर रिक्षावाल्यांना आधीच समजलं होतं. कुणी नंबर लावला नाही, पहिल्याच रिक्षात सर.

छाती उघडली, जोडलेल्या रक्तवाहिनीची एक बारीकशी फांदी सुटली होती, ती बांधली. वीस मिनिटांचं काम, पण ती वीस मिनिटं उशिरा आली असती तर कामच उरलं नसतं.

आणि सरांची बॅग गेली मुंबईला! शेजारच्या सीटवरच्या कुण्या भल्या माणसानं बॅगेवरचा पत्ता वाचून ती घरी नेऊन दिली. नवरा नाही, नुसती बॅग आली. सरांच्या बायकोचा हॉस्पिटलात फोन आला. मी घेतला. म्हटलं, आता ही बाई आपल्याला फाडून खाणार. मी घाईघाईनं सांगू लागले, की सर सुखरूप आहेत, काळजीचं कारण नाही.

"ते कळलं," त्या म्हणाल्या. "रक्त थांबलं का?"

*

रक्त वाहिलं की सगळेच घाबरतात. पण ते एकाएकी थांबलं, तर फक्त आम्ही घाबरतो.

एका व्यापाऱ्याचं असंच झालं. सकाळी बाटलीत बरंच रक्त येत होतं, घरचे हवालदिल. दुपारी धार एकदम बंद. त्यांच्या काकांनी काचेतून पाहिलं आणि आनंदानं पेढे आणायला माणूस पिटाळला. पेढे वाटत वाटत काका थेट आयसीयूच्या दारात. लीला सिस्टरच्या हातात पेढा ठेवला, म्हणाले, थांबलं हो सिस्टर, देवानं ऐकलं.

तिनं वळून बाटलीकडे पाहिलं. मग मॉनिटरकडे. प्रेशर उतरत होतं. रक्त थांबलं नव्हतं, नळीत गुठळी अडकली होती. आतलं रक्त आतच साठून हृदयाला आवळत होतं. तिनं पेढा खिशात टाकला आणि हाक मारली, "मॅडम, या."

टेबलापर्यंत न्यायला वेळ नव्हता. सरांनी खाटेवरच छाती उघडली. गुठळ्या काढल्या तसं हृदय मोकळं झालं, आणि प्रेशर चढताना दिसलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काका बाहेर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसून होते. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दोन दिवसांनी पेशंट वॉर्डात गेला. काका नवा पुडा घेऊन आले आणि लीला सिस्टरला म्हणाले, "तो परवाचा पेढा खाल्ला नसेल तर टाकून द्या. तो चुकून वाटला होता. हा खा."

*

श्रावणातला सोमवार. एक तरणाबांड रक्तदाता आला, रक्त दिलं, उठला आणि धाडकन पडला. पाटीलभाऊंनी पाय वर केले, पाणी मारलं. विचारल्यावर कळलं, निरंकार उपास होता आणि तो यानं लपवला होता. पाटीलभाऊ भडकले. त्यांनी त्याच्या सात पिढ्यांच्या ब्लड ग्रुपचा उद्धार केला.

पोरगा ऐकून घेत होता. मग पडल्या पडल्या त्यानं काळजीनं विचारलं, "भाऊ, माझं उपाशी रक्त ज्याला दिलं, त्याला अर्धा उपास लागू होईल का?"

*

सगळेच वाचले नाहीत. हे न सांगता पुढे गेले, तर खोटं होईल.

शिरपूरकडचे एक सरपंच होते. मशीनवर फार वेळ गेला, आणि नंतर रक्त कुठून येतंय तेच सापडेना. एका जागी गळत असेल तर बांधता येतं. इथे सगळीकडून पाझरत होतं. सरांनी दोनदा उघडून पाहिलं. मी रक्ताच्या एकामागून एक बाटल्या चढवत होते आणि ते तितक्याच वेगानं खालच्या बाटलीत येत होतं. गावाहून टेम्पो भरून माणसं रक्त द्यायला निघाली होती. ती यायच्या आत सगळं संपलं.

टेम्पो आला तेव्हा सर बाहेर गेले. मी मागे उभी. ती माणसं बाह्या वर करूनच उतरली होती. सरांनी सांगितलं. सगळे तसेच उघड्या दंडांनी उभे. त्यांच्यातले एक म्हातारे आबा पुढे आले आणि अहिराणीत म्हणाले, "आम्ही देवाले उनूत. देईसनच जासूत." आम्ही द्यायला आलोत, देऊनच जाऊ.

पाटीलभाऊंनी खाटा मांडल्या. एकेक जण आत जाऊन आडवा झाला, उठला, बाहेर येऊन टेम्पोत बसला. मुंबईच्या गाडीची वेळ झाली होती. सर गेले नाहीत. तेही आत जाऊन पडले आणि पाटीलभाऊंकडे हात केला.

*

आता शेवटचा. हा मी पंगतीत सांगत नाही.

सोनगीरजवळच्या एका गावातले शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणायचे. बायकोला अक्का. दोन मुलगे आणि एक मुलगी, शोभा. ती पारोळ्याला दिलेली, जावई एसटीत कंडक्टर. नानांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. म्हणजे त्यांना फक्त ओ निगेटिव्हच चालणार, आणि ते मिळायची मारामार. पाटीलभाऊंनी इकडून तिकडून जेमतेम जमवलं. घरच्यांचे गट तपासले. मुलगे निरुपयोगी. शोभाचा मात्र बापासारखाच निघाला.

पाटीलभाऊ खुशीत नानांना सांगायला गेले आणि पडक्या चेहऱ्यानं परत आले. नाना नाही म्हणतात. मी गेले. नानांनी माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "बाई, लेकना घरनं पानी पेत नही मी. रंगत कसं लेऊ?" लेकीच्या घरचं पाणी पीत नाही मी, रक्त कसं घेऊ?

सर मुंबईचे, त्यांना हे उमगेना. मला मात्र कुणी समजावायला नको होतं. आमच्याकडे जुन्या घरांत रीतच होती, मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. मुलगी दिली, आता तिच्या दारचं काही घ्यायचं नाही. एरवी वर्ष-दोन वर्षांत नातवंड होतं आणि रीत आपोआप फिटते. शोभाच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

म्हणजे एवढ्या वर्षांत बापानं लेकीच्या घरी घोटभर पाणी घेतलेलं नव्हतं. शोभानंच मला सांगितलं. नाना पारोळ्याच्या बाजाराला आले की यायचे, ओट्यावर बसायचे, चौकशी करायचे. उन्हाचे आलेले, घसा कोरडा. मग शेजारची बाई तांब्या घेऊन यायची आणि नाना तिच्या हातचं प्यायचे. शोभा दारात उभी राहून बघायची. आधी ती सवयीनं तांब्या भरून आणायची. मग आणणं सोडून दिलं. म्हणाली, "बाई, मूल नाही याचं सासरी कुणी बोललं नाही मला. पण नाना शेजारचं पाणी पितात ना, तेव्हा कळतं."

नानांचं ऑपरेशन झालं. जमवलेलं रक्त त्यातच संपत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लीला सिस्टरच्या पट्ट्या लांब लांब जाऊ लागल्या. सरांनी ठरवलं, परत उघडायचं. पण उघडायचं तर हाताशी रक्त हवं. पाटीलभाऊंनी भुसावळ, धुळे, औरंगाबाद, सगळीकडे फोन फिरवले. येतं म्हणाले, दुपारपर्यंत. नानांना दुपार दिसणार नव्हती.

शोभा दारातच उभी होती. तिनं हातातल्या बांगड्या मागे सारल्या होत्या. मी जावयाकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "तिचं रक्त आहे, तिला विचारा. माझी ना नाही." पण प्रश्न तिचा नव्हताच. नाना शुद्धीवर असताना हात जोडून नाही म्हणाले होते. आता ते व्हेंटिलेटरवर, त्यांना विचारता येत नव्हतं. सर मला म्हणाले, तुम्ही त्यांची भाषा बोलता, तुम्ही सांगा काय करायचं. मी अक्कांकडे गेले.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याही लेकीच्या घरचं पाणी कधी प्यायल्या नव्हत्या. मी सगळं सांगितलं. नाना काय म्हणाले होते तेही सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि उठून उभ्या राहिल्या.

"त्या नही म्हनेत ना? मी हा म्हनस. ल्या पोरनं रंगत. पाप लागनं ते माले लागू द्या." ते नाही म्हणाले ना, मी हो म्हणते, घ्या पोरीचं रक्त.

आज जवळच्या नातेवाइकाचं ताजं रक्त असं थेट देत नाहीत, त्याचे धोके आता माहीत झालेत. तेव्हा आमच्याजवळ तेवढंच होतं. पाटीलभाऊंनी तपासण्या उरकल्या आणि बाटली अजून कोमट असतानाच माझ्या हातात दिली. मी ती चढवली. सरांनी छाती उघडली, बरगडीच्या मागून एक रक्तवाहिनी उडत होती, ती सापडली आणि बांधली. दुपारी धुळ्याहून रक्त आलं तेव्हा पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

नाना वॉर्डात आले. त्यांना सांगायचं कोणी? अक्का म्हणाल्या, मीच. नानांना पेज भरवता भरवता त्यांनी सांगून टाकलं, कसलीही प्रस्तावना न करता. मी शेजारच्या खाटेपाशी होते. नानांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे मान वळवली. पेज तशीच राहिली.

नंतर ते अक्कांशी बोलले नाहीत. आमच्याशी विचारलं तेवढं बोलायचे. शोभा आत यायची बंद झाली, बाहेर बाकावर बसायची. मला म्हणाली, "त्यांना वाचवायला दिलं, बाई. आता तेच माझ्याकडे बघत नाहीत." मला फार राग आला नानांचा. मी ड्रेसिंग बघायला जायचे आणि त्यांना झापावंसं वाटायचं. पण त्यांचे डोळे पाहिले की नुसतं ड्रेसिंग बघून परत यायचे. तो माणूस रुसलेला वाटत नव्हता, हरवलेला वाटत होता.

डिस्चार्ज झाला. मुलांनी जीप आणली. शोभा आदल्या दिवशीच जावयाबरोबर घरी निघून गेली होती.

महिना-दीड महिन्यानं नाना तपासणीला आले. आत सर त्यांना तपासत होते. बाहेर व्हरांड्यात पाहते तर अक्कांबरोबर शोभा! मी तिला बाजूला घेतलं, तेव्हा तिनं सांगितलं.

जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत पारोळा लागतं. डिस्चार्जच्या दिवशी नाना जीपमध्ये डोळे मिटून बसलेले. पारोळ्याचा फाटा आला तसे म्हणाले, आत घे. मुलानं विचारलं, कशाला? तर म्हणाले, घे म्हणतो ना. घरासमोर जीप थांबली. छातीवर उशी धरून नाना हळूहळू उतरले आणि ओट्यावर बसले. शेजारची बाई नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन लगबगीनं आली.

"नानांनी तिला हात जोडले," शोभा म्हणाली. "म्हणाले, तुमनं नको, माय. मग आत बघून मला हाक मारली. मी चुलीपाशीच उभी होते, बाई. माठातलं पाणी नेलं. अर्धा तांब्या एका दमात प्याले, खाली ठेवला नाही. मग अक्कांकडे दिला, म्हणाले, तू बी पे."

ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आणि मग काय म्हणाले माहितीये? म्हणाले, पानी मचूळ शे वं तुमनं."